हाताने घडवलेला ब्रायर पाइप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमनगरात वडिलांचं लेथ मशीन होतं. ऑइल इंजिनचे सुटे भाग टर्निंग करून द्यायचे. पुढे ती कामं आटली, वडील थकले, आणि त्याच शेडमध्ये मी आता तंबाखूचे पाइप घडवतो. कोल्हापुरात ‘मी पाइप बनवतो’ म्हटलं की समोरचा आधी विहिरीवरची पाइपलाइन डोळ्यांपुढे आणतो. खरं काय ते कळलं की हसतो, आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न फोनवर, तेच मेसेजवर, म्हणून एकदाच लिहून काढले.

आधी नावं सांगतो. तंबाखू भरायच्या भागाला आमच्या शेडमध्ये वाटी म्हणतात, वाटीला लागून असलेल्या लाकडाला दांडी, आणि दातात धरायच्या काळ्या भागाला नळी. पुढे हीच नावं येतील.

पाइप म्हणजे आपली चिलीमच ना?

भावकीतली म्हणा. चिलीम उभी आणि मातीची. आत खडा टाकायचा, खालच्या तोंडाला ओली छापी, म्हणजे फडकं, गुंडाळायची आणि मूठ करून ओढायची. धूर वरून सरळ खाली येतो. पाइपात धुराला वळण घ्यावं लागतं. वाटीचं भोक वरून खाली येतं, दांडीचं आडवं येतं, आणि दोघं आत अंधारात भेटतात. ती भेट जमली तर पाइप चांगला. नाही जमली तर वरून आरशासारखा चमकला तरी तो शोकेसमध्येच ठेवायचा. या पानावर बरंच काही या भोकाभोवती फिरणार आहे, तेव्हा कंटाळलात तर किमतीच्या प्रश्नाकडे उडी मारा.

ब्रायर म्हणजे नेमकं कुठलं लाकूड?

खोडाचं लाकूड नव्हेच ते, जमिनीतली गाठ आहे. भूमध्य समुद्राच्या आसपास, म्हणजे इटलीतला कालाब्रिया, सार्डिनिया, कॉर्सिका, ग्रीस, स्पेन, अल्जीरिया, मोरोक्को इकडच्या डोंगरउतारांवर एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. बारीक पांढऱ्या फुलांचं. त्याचं खोड आणि मुळं यांच्यामध्ये एक गड्डा धरतो. तिकडच्या कोरड्या उन्हाळ्यात वणवे नेहमीचेच. वरचं सगळं जळून राख झालं तरी या गड्ड्यातून झुडूप पुन्हा फुटतं. म्हणजे झाडाने आगीसाठी राखून ठेवलेली ही शिदोरी, आणि पाइपवाल्यांनी नेमकी तीच उचलली. तिच्यात सिलिका असते, तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. त्यामुळे आत निखारा असला तरी लाकूड सहसा पेट घेत नाही आणि बाहेरून हाताला सोसेल एवढंच तापतं. पाइप निघेल एवढा गड्डा व्हायला तीसेक वर्षं सहज जातात.

नाव फ्रेंच ‘ब्र्युयेर’वरून आलं. इंग्रजीत काटेरी रानगुलाबालाही ब्रायर म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ‘गुलाबाचा वास येत नाही’ अशी तक्रार घेऊन एक गिऱ्हाईक आलं होतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

फ्रान्समधल्या जुरा डोंगरात सें-क्लोद म्हणून गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायरचे पाइप तिथे होऊ लागले. त्याआधी ते तीर्थक्षेत्र. तिथले लेथवाले यात्रेकरूंसाठी लाकडी जपमाळा कातायचे. हे वाचलं तेव्हा ते गाव मला आपलंच वाटलं. देवस्थान, आणि गल्लीबोळात टर्नर.

आपलं शिसव, सागवान, बाभूळ का वापरत नाही?

वापरून बघितलंय. शिसव दिसायला राजस, पण तेलकट. तापलं की तोंडात कडवट उतरतं, आणि कातताना त्याचा भुसा नाकाला आणि कातडीला त्रास देतो. सागवानाचीही तीच तऱ्हा. बाभूळ टणक म्हणून तिच्यावर आशा होती. एक वाटी केली, तिसऱ्यांदा भरली आणि तळाला जळून आरपार भोक पडलं. ती वाटी अजून खिडकीत ठेवलीय. हा प्रश्न कुणी विचारला की दाखवतो.

दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राकडून येणारा माल थांबला तेव्हा अमेरिकेत माउंटन लॉरेल आणि मॅन्झानिटा यांच्या गाठींवर काम भागवलं गेलं. दोन्ही ब्रायरच्याच कुळातली. आपल्याकडे हिमालयातला बुरांश त्याच कुळातला. पण तो उत्तराखंडचा राज्यवृक्ष आहे, तेव्हा तो तोडायचा विचारही नको.

मक्याच्या कणसाचे पाइप शेकड्यात मिळतात. ते वाईट असतात का?

अजिबात नाही. दाणे काढून उरलेल्या कणसाचे पाइप अमेरिकेत मिसूरी राज्यात १८६९ पासून होतायत आणि धूर गोड, कोरडा देतात. फक्त टिकत नाहीत. तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरचा मीरशॉम हा पांढरा, मऊ दगडही उत्तम. पण हातातून पडला की संपला.

सिनेमातल्या गुप्तहेराच्या तोंडात असतो तो वाकडा, पोटफुगा पाइप म्हणजे भोपळा. वर मीरशॉमची वाटी बसवलेली. भोपळ्याची जात तीच, जिच्यापासून मिरजेत तंबोरे होतात. मिरजेच्या एका कारागिराकडून मी एक लहान, मानेत वाकलेला भोपळा मागून आणलाय. दोन वर्षं झाली, नुसता टांगून ठेवलाय. हात लावायचं धाडस होत नाही.

लाकूड नीट वाळलेलं असतं का? पुराचं लाकूड विकता असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत, आणि मी ते लपवत नाही.

आधी वाळवण्याचं सांगतो. गड्डा खणून काढला की तो ओला ठेवतात, नाहीतर तडकतो. मग करवतीवर ठोकळे काढतात आणि तांब्याच्या मोठ्या हंड्यात बारा तासांच्या आसपास उकळतात. त्यातला रस, टॅनिन निघून जातं. तो रस तसाच राहिला तर पाइप कडू लागतो. त्यानंतर सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून लांब, महिनोन्‌महिने सुकवण. गड्ड्याच्या आतल्या भागातल्या ठोकळ्याला एबोशाँ म्हणतात, बाहेरची साल ठेवून काढलेल्याला प्लातो. प्लातो महाग, कारण त्यात रेषा सालीपर्यंत सरळ धावत येतात. माझ्याकडे आल्यावर ठोकळे आणखी दोन वर्षं फळीवर बसतात. दर दोन-तीन महिन्यांनी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलतो, वजन उतरायचं थांबलं की ठोकळा तयार.

आता पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये ठोकळ्यांची दोन पोती शाहूपुरीत आत्याच्या घरी तळमजल्यावर होती, कारण शेडचं छप्पर गळत होतं आणि मला वाटलं आत्याकडे कोरडी राहतील. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आत्या आणि घरची माणसं सुखरूप निघाली, पोती चार दिवस गाळात होती. मग एका लग्नाच्या आचाऱ्याकडून मोठं पातेलं भाड्याने आणून ठोकळे पुन्हा उकळले. आचारी विचारत होता, ‘आमटी कसली म्हणायची?’ साठातले बावीस वाळताना फुटले. उरलेले आजही चांगले चालतात, पण काहींच्या आत पाण्याची करडी रेघ राहिलीय. त्यांचे पाइप वेगळे ठेवतो, सांगून विकतो आणि हजार-दीड हजाराने कमी विकतो.

एक पाइप घडवायला काय काय करावं लागतं?

पहिलं काम बघण्याचं. ठोकळ्याच्या सगळ्या बाजूंवरून ओला फडका फिरवायचा. ओलं झालं की रेषा दिसतात, म्हणजे एका बाजूला उभ्या ज्वाळा आणि त्याला आडव्या बाजूला ठिपके. या रेषा वाटीच्या पोटावर कशा बसतील हे ठरवून पेन्सिलीने आकार काढतो. कधी कधी अर्धा दिवस यातच जातो. बायकोला ते रिकामं बसणं वाटतं.

मग भोकं. यात दोन घराणी आहेत. कोपनहेगनला सिक्स्टन इवार्सन (१९१०–२००१) म्हणून मोठे कारागीर होऊन गेले, जन्माने स्वीडनचे. त्यांनी आधी आकार घडवून मग भोक पाडायची रीत रुजवली, म्हणजे आकार लाकडातल्या रेषा सांगतील तसा घ्यायचा आणि भोकाने त्याच्या मागून जायचं. मी टर्नरचा मुलगा, माझं भोक आधी. ठोकळा लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत धरतो. वाटीचं भोक १९ ते २० मिमी रुंद आणि ३८ मिमीच्या आसपास खोल. त्यासाठीचं बिट वडिलांनीच घासून दिलेलं, तळाशी गोलाई असलेलं. मग ठोकळा फिरवून दांडीतून ४ मिमीचं भोक. ते वाटीच्या अगदी तळाला, अगदी मधोमध निघालं पाहिजे. दोन मिमी वर निघालं तर त्याखालची तंबाखू कधीच जळत नाही, चिखल होऊन बसते. बाजूला निघालं तर निखारा एकाच भिंतीला धरतो आणि ती भिंत काही महिन्यांत काळवंडते. आत काही दिसत नसतं, आवाज ऐकायचा असतो. बिट लाकडात असेपर्यंत जडसा घुर्र आवाज येतो; पोकळीत शिरायच्या क्षणी तो पातळ होतो आणि तिथेच हात थांबायला हवा. सुरुवातीची तीन वर्षं माझा हात एक क्षण उशिरा थांबायचा. तेव्हाचे पाइप मी बाजारात आणलेच नाहीत. हिवाळ्यात शेडमध्ये पेटवायला बरे पडले.

पुढचं काम डोळ्यांना सुख देणारं, म्हणून सगळे व्हिडिओ त्याचेच बघतात. बँडसॉ, सँडिंगची चकती, कानस, मग १२० नंबरच्या पेपरपासून ८०० पर्यंत घासणं. मधेमधे ओला हात फिरवायचा, दबलेले तंतू उठतात, ते परत घासायचे. रंग स्पिरिटमधला. आधी गडद रंग देऊन तो घासून काढला की मऊ रेषांत रंग राहतो, कडक रेषांवरून जातो. त्यावर फिका रंग दिला की लाकूड बोलायला लागतं. शेवटी कार्नौबा मेण, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं. ते ८० अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून हाताने चोळून बसत नाही, बफिंगच्या चाकावरच चढवावं लागतं. व्हार्निश किंवा लॅकर मी मारत नाही. उष्णतेने त्याला फोड येतात.

वेळ म्हणाल तर तीन दिवस, आणि त्यातला एक नळीवर.

हेच सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर लावलं तर दिवसाला शंभर निघतील की?

निघतील. गोकुळ शिरगावचा माझा एक मित्र दर दिवाळीला हेच सांगतो. पण मशीनला ठोकळ्याच्या पोटातला खडा दिसत नाही. ब्रायरच्या गाठीत मुळांनी गिळलेले खडे, वाळू, पोकळ्या असतात आणि त्या कधीही वर येतात. आल्या की मी आकार बदलतो, सफरचंदाच्या आकाराची वाटी करायला घेतली तर ती बुटकी होऊन बाहेर पडते. शंभरच्या हिशेबात हे बसत नाही. कारखान्यांत अशा खड्ड्यांत पुट्टी भरतात.

माझ्या पाइपवर मोहरीएवढा खड्डा आहे. माल खराब आला का?

नाही. वरच्यासारखाच खड्डा, फक्त उथळ. भिंतीच्या जाडीला धक्का नसेल तर तसाच सोडतो. पुट्टी भरली असती तर तुम्हाला दिसलाही नसता, सहा महिन्यांनी तिचा रंग वेगळा पडल्यावर दिसला असता. खड्डा आत, वाटीच्या भिंतीत असेल तर मात्र लगेच परत पाठवा, खर्च माझा.

खडबडीत फिनिशचा पाइप स्वस्त का?

कारण तो खड्डेवाल्या ठोकळ्यातून वाचवलेला असतो. वाळूचा मारा केला की लाकडाचा मऊ भाग उडतो, कडक कडी उभी राहतात आणि खड्डे त्यात हरवून जातात. हाताला गुळगुळीतपेक्षा बरा लागतो, तापतोही कमी. माझ्या मते स्वस्तात घ्यायची सगळ्यांत शहाणी वस्तू हीच.

कोल्हापुरात फाउंड्र्यांना तोटा नाही, तेव्हा पहिल्यांदा हुशारी करून एक पाइप मी ओळखीच्या फाउंड्रीतल्या शॉट ब्लास्टिंगला दिला. तिथे कास्टिंगवरची वाळू उडवायला पोलादी छर्रे मारतात. तीन सेकंदांत वाटीची खारीक झाली. त्या मुलाने ती दोन बोटांत धरून विचारलं, ‘भावा, अजून मारू का?’ आता घरीच छोट्या पेटीत काचेच्या बारीक मण्यांनी करतो.

नळी कसली घेऊ? अॅक्रिलिक की एबोनाइट?

मी एबोनाइट बसवतो. ते गंधक घालून कडक केलेलं रबर. ज्या एबोनाइटच्या कांड्यांतून आपल्याकडे शाईपेनं कातली जातात, त्याच जातीच्या कांड्या. दाताखाली मऊ लागतं, घट्ट न धरताही राहतं. कातताना शेडभर गंधकाचा वास सुटतो, शेजारचे वेल्डिंगवाले नाक मुरडतात. उणीव एकच, उन्हाने आणि थुंकीने ते हिरवट-तपकिरी पडतं. गाडीच्या डॅशबोर्डवर पाइप ठेवून खासबागेतल्या कुस्त्या बघायला गेलात तर परत येईपर्यंत नळीचा रंग गेलेला असेल. अॅक्रिलिक रंग सोडत नाही, पण दाताला दगडासारखं लागतं. हवी असेल तर करून देतो, किंमत तीच.

पहिला पाइप कुठल्या आकाराचा घ्यावा?

सरळ दांडीचा, साधा बिलियर्ड. वाटी नळकांड्यासारखी, उंची दांडीच्या लांबीएवढी. साफ करायला सोपा, ओल कमी साठते. वाकडा पाइप दातात हलका वाटतो हे खरं, पण त्याच्या वळणात पाणी धरतं. वजन ४०-४५ ग्रॅमच्या आत असावं. फोटोत रुबाबदार दिसतो म्हणून जड पाइप घेणारे दोन महिन्यांनी तो हातातच धरताना दिसतात.

९ मिमीचा फिल्टर बसतो का?

ऑर्डर देताना सांगितलं तर. नंतर नाही. आणि फिल्टरमुळे धूर निर्धोक होतो असा समज करून घेऊ नका.

किंमत एवढी का?

गुळगुळीत पाइप नऊ हजारांपासून, खडबडीत साडेसहापासून, पुरातले त्याहून कमी. ठोकळा परदेशातून येतो, त्यावर कुरिअर आणि आयात शुल्क. पाच ठोकळ्यांत एक फोडून टाकायला लागतो, त्याचे पैसे उरलेल्या चारांवर चढतात. त्यात पाइप हा जीएसटीच्या सर्वांत वरच्या दरात येतो. ‘हातमागाचं लुगडं आणि तुमचा पाइप, दोन्ही हस्तकलाच की,’ असं म्हणून एकांनी सूट मागितली होती. मुद्दा बरोबर होता, पण सूट देणं माझ्या हातात नाही.

नवा पाइप पहिल्यांदा कसा वापरायचा?

बिडाच्या नव्या तव्याला जशी सवय लावतात तसा. पहिली पाच-सहा वेळा वाटी निम्मीच भरा आणि शेवटपर्यंत सावकाश जळू द्या, म्हणजे तळालाही काजळीचा थर धरेल. हा थर लाकडाचं चिलखत. तो दीड मिमीपर्यंत वाढू द्यावा, त्यापुढे खरवडावा; जास्त जाड झाला तर तापून फुगतो आणि वाटी तडकवतो. भरताना खाली सैल, वर जरा दाबून. काडी ओढताच भसाभस झुरके घेऊ नका. वाटी गालाला लावून बघा, चटका बसला तर खाली ठेवून द्या.

काही कारागीर नव्या वाटीला कोळशाची पूड आणि दही कालवून आतून लेप देतात. हसू नका, परदेशातही देतात. मी देत नाही, कारण लेपाखाली लाकडाचे दोष झाकता येतात आणि गिऱ्हाइकाला संशय नको.

ओढताना गुरगुर आवाज येतो.

आत पाणी झालंय. तंबाखू जळताना वाफ होते, थंड नळीत तिचं पाणी होतं. तंबाखू फार ओली असेल किंवा तुम्ही घाईने ओढत असाल तर कुठल्याही पाइपात होईल. पाइप क्लिनर, म्हणजे धागा गुंडाळलेली बारीक तार, नळीतून आत सारा आणि पुसून काढा. माझ्या पाइपात तो नळी न काढता थेट वाटीच्या तळापर्यंत गेलाच पाहिजे; मधे अडला तर चूक माझी, पाइप परत पाठवा. नळीचं टोक आणि दांडीतलं भोक यांच्यामध्ये फट राहिली तरी तिथे वाफ घुटमळते, म्हणून ती फट मी कागद जाईल न जाईल एवढीच ठेवतो.

निपाणीची तंबाखू भरली तर?

हा प्रश्न फक्त आपल्याच भागात येतो! निपाणी, कागल, जयसिंगपूर हा तंबाखूचाच पट्टा. १९८१ साली निपाणीला भावासाठी शेतकऱ्यांचं केवढं आंदोलन झालं ते जुन्या लोकांना आठवत असेल. पण ती तंबाखू विडीची. कोरडी, कडक, चुऱ्याची. पाइपात ती भडकते, वाटी तापवते आणि घशाला जाळते. पाइपची तंबाखू लांब कापाची, ओलसर असते. व्हर्जिनिया, बर्ली, धुरावलेली लॅटाकिया असे तिचे प्रकार. लॅटाकिया एकदा भरली की तिचा वास त्या लाकडातून वर्षभर जात नाही, म्हणून तिच्यासाठी पाइप वेगळा ठेवावा. तंबाखू मी विकत नाही आणि मागवूनही देत नाही.

पावसाळ्यात पाइपवर बुरशी येते. काय करू?

जून ते सप्टेंबर आपल्याकडे चपलांना बुरशी येते, पाइपला का सोडेल? वापरून झाल्यावर क्लिनर फिरवा, राख झटका, आणि एक दिवसाची विश्रांती द्या. कपाटात बंद न करता वारा लागेल असा, वाटी खाली करून ठेवा. बाहेरची बुरशी कोरड्या फडक्याने जाते. आतली असेल तर क्लिनर स्पिरिटमध्ये बुडवून फिरवा आणि आठवडाभर पाइप भरू नका. एक मात्र पाळा, पाइप गरम असताना नळी ओढून काढू नका. लाकूड फुगलेलं असतं, दांडी चिरते. वर्षाला येणाऱ्या दुरुस्त्यांत निम्म्या याच.

पाइप सिगारेटपेक्षा कमी घातक असतो ना? धूर आत घेत नाहीत म्हणे.

नाही. धूर छातीत घेतला नाही तरी पाइपच्या धुरातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं, आणि व्यसन लागायला तेवढं पुरतं. ओठ, तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुसं, सगळ्यांचे कर्करोग पाइपनेही होतात. जे ओढत नाहीत त्यांनी माझा पाइप बघून सुरू करू नये. ज्यांना सोडायचंय त्यांच्यासाठी सरकारी टोल-फ्री क्रमांक १८००-११-२३५६ आहे. पाइपची ऑर्डर रद्द करून तिकडे फोन केलात तर आगाऊ रक्कम पूर्ण परत देतो. आजवर दोघांनी घेतलीय.

कुठे ओढायला बंदी आहे? मुलाला भेट म्हणून देता येईल?

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात पाइपची तंबाखूही येते. हॉटेल, ऑफिस, बसस्टँड, थिएटर अशा सार्वजनिक जागी ओढलात तर दोनशे रुपयांपर्यंत दंड. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला बंदी आहे, आणि मी पाइपही विकत नाही. वयाचा दाखला मागतो, राग मानू नका.

तुम्ही स्वतः ओढता का?

नाही. वडील तंबाखू मळून खायचे, २०१६ मध्ये त्यांच्या गालाचं ऑपरेशन झालं. त्या दिवसापासून मीही बंद केलं. मग पाइप कशाला बनवता, असं पुढचं वाक्य ठरलेलं असतं. वडिलांनीही माझा पहिला धड जमलेला पाइप हातात घेऊन, भोकातून उजेडाकडे बघून म्हटलं होतं, ‘भोक सरळ आलंय. पण एवढं करून शेवटी धूरच की रे.’ यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. काम मात्र सुटत नाही.

चाचणी मी रिकाम्या पाइपातून हवा ओढून करतो. शिट्टी आली तर आत कुठेतरी कड राहिलीय. नुसता श्वासाचा आवाज आला तर पास.

आजोबांचा जुना पाइप दुरुस्त कराल का?

आनंदाने. जुन्या वाड्यांतून, रिटायर्ड फौजींच्या ट्रंकांतून चांगले चांगले विलायती पाइप निघतात. काजळी काढणं, नवी नळी, चिरलेल्या दांडीला चांदीचं कडं. कडं मी गुजरीतून, म्हणजे इथल्या सराफ बाजारातून करून घेतो.

एक चूक सांगतो. राजारामपुरीतल्या एका बाईंनी वडिलांचा पाइप आणला होता, ‘स्वच्छ करून द्या’ म्हणाल्या. नळीवर दातांचे दोन खोल खळगे होते. एबोनाइटला आपला मूळ आकार आठवतो. गरम केलं की दबलेला भाग पुन्हा वर येतो. मी कढत पाण्यात धरून खळगे घालवले, घासून नळी नवी कोरी केली आणि शाबासकीच्या अपेक्षेने हातात दिली. बाईंनी नळीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. पैसे दिले आणि काही न बोलता गेल्या. आता दुरुस्तीच्या पावतीवर पहिला प्रश्न असतो : दातांच्या खुणा ठेवायच्या की काढायच्या?

नाव कोरून मिळेल का?

नळीवर, बारीक. लाकडावर नाही.

ऑर्डर दिली की किती दिवसांत?

दोन ते अडीच महिने. पावसाळ्यात तीन, कारण दमट हवेत रंग नीट वाळत नाही. आगाऊ रक्कम निम्मी. घडत असताना ठोकळ्यात दोष निघाला तर फोटो पाठवतो आणि तुमच्या होकाराशिवाय पुढे जात नाही.

शेड बघायला येऊ का?

या की. सोमवारी बंद असतं. दुपारी तीननंतर आलात तर घासणं-बफिंग चालू असतं, बोलायला मोकळा असतो, चहा पलीकडच्या टपरीवरचा. सकाळी दहा ते बारा मात्र येऊ नका. तेव्हा भोकं पाडतो, आणि त्या वेळी मला फक्त बिटाचा आवाज ऐकू यायला हवा.